हॉटेलातल्या मिठाला कायद्याचा चाप लागतो का?

प्रश्न असा आला आहे: न्यूयॉर्कमध्ये हॉटेलच्या स्वयंपाकात मीठ वापरण्यावरच बंदी आणायचा प्रयत्न झाला होता, हे खरं का? आणि सरकारने हॉटेलांतल्या मिठावर नियम केले तर लोकांच्या तब्येतीला उपयोग होतो, की आचाऱ्याच्या कामात नुसता अडथळा?

खरं आहे. मार्च २०१० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत ब्रुकलिनचे सदस्य फेलिक्स ऑर्टिझ यांनी तसं विधेयक मांडलं होतं. रेस्टॉरंटच्या मालकाने किंवा चालकाने ग्राहकांसाठी पदार्थ बनवताना कुठल्याही स्वरूपातलं मीठ वापरू नये, वापरलं तर दर वेळी एक हजार डॉलरपर्यंत दंड, असा त्याचा मजकूर होता. ज्याला हवं त्याने टेबलावर वरून घ्यावं, ही त्यामागची कल्पना. शेफ मंडळींनी आकाशपाताळ एक केलं. मग ऑर्टिझ यांनी खुलासा केला की पाककृतीत घटक म्हणून लागणाऱ्या मिठाला आपला विरोध नाही, वरून भरमसाट घातल्या जाणाऱ्या मिठाला आहे. विधेयक पुढे गेलं नाही.

मी २६ वर्षं व्यावसायिक स्वयंपाकघरात आहे. पहिली १४ वर्षं शेगडीसमोर गेली. त्यानंतर एका साखळी रेस्टॉरंटच्या सेंट्रल किचनमध्ये पाककृती ग्रॅममध्ये बसवण्याचं काम करते. मीठ मोजणं हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे, त्यामुळे या प्रश्नावर मला मनापासून बोलायचं आहे.

ते विधेयक का चुकलं होतं? मीठ ही शेवटी भुरभुरायची गोष्ट आहे, असं त्यात धरलं होतं. पावाच्या कणकेत मीठ नसेल तर ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन, सैल पडतं, यीस्ट बेफाम चालतं, पाव फुगून बसतो. मांसाला आधी मीठ लावून ठेवलं तर ते आतपर्यंत मुरतं आणि शिजताना पाणी कमी सुटतं. चीज, खारवलेल्या भाज्या, आंबवलेले सॉस यांत नको ते जंतू मीठच रोखून धरतं. शिवाय मीठ कडूपणा दाबतं, आणि हा परिणाम वरून घातलेल्या मिठाने तसाच येत नाही. अळणी शिजवलेल्या पदार्थावर नंतर मीठ टाकलं की जिभेला आधी मीठ लागतं आणि मग पदार्थ, दोन्ही वेगवेगळे. शिजताना अर्ध्या चमच्यात जे काम होतं त्यासाठी जेवणारा टेबलावर एक चमचा घेतो, तरी त्याचं समाधान होत नाही.

पण विधेयक चुकीचं होतं म्हणून त्यामागची काळजी चुकीची ठरत नाही. आमच्या व्यवसायातले बरेच जण हे दोन्ही एकच समजतात, याचं मला वाईट वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त, १०.८ ग्रॅम आहे. २०२३ च्या अहवालात संघटनेने जास्त सोडियमशी जोडलेले मृत्यू वर्षाला १८.९ लाख धरले आहेत. मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेला आहे. ‘फार कमी मीठही वाईट’ असं सांगणारे अभ्यास आहेत, आणि त्यांवरून शास्त्रज्ञांत खडाजंगी झालेली आहे. त्यांतल्या गाजलेल्या अभ्यासात दिवसभराची लघवी गोळा न करता एकाच नमुन्यावरून मिठाचा अंदाज काढला होता, आणि टीकाकारांचा मुख्य आक्षेप त्यावरच आहे. पण हा वाद खालच्या टोकाचा आहे. दिवसाला दहा-बारा ग्रॅम खाणाऱ्याने कमी करावं की नाही, यावर मला तरी शंका उरलेली नाही.

आता हे मीठ येतं कुठून ते पाहू. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या तीन ठिकाणच्या ४५० जणांचं खाणं तपासलं होतं. त्यांच्या पोटात जाणाऱ्या सोडियमपैकी जवळजवळ ७१ टक्के घराबाहेर, म्हणजे कारखान्यात आणि रेस्टॉरंटात, पदार्थात घातलेलं होतं. घरच्या स्वयंपाकातलं ५.६ टक्के आणि ताटावर वरून घेतलेलं ४.९ टक्के. जिथे बाहेरचं आणि पाकिटातलं खाणं जास्त, तिथे ‘तुम्ही जपून मीठ घाला’ हा सल्ला मूळ दुखण्याला हातच लावत नाही. जिथे घरीच रांधलं जातं तिथे हे गणित उलटं असतं, आणि एका देशाचा नियम दुसरीकडे जसाच्या तसा उचलायचा नसतो तो यासाठी.

रेस्टॉरंटच्या आत शिरून पाहिलं तर आणखी एक गोष्ट कळते. साखळी रेस्टॉरंटातला एक बर्गर घ्या. आकडे माझ्या वजनकाट्यावरचे, ढोबळ. शंभर ग्रॅमच्या बनमध्ये एक ते सव्वा ग्रॅम मीठ. चीजच्या एका स्लाइसमध्ये अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. सॉसच्या दोन फटकाऱ्यांत तेवढंच. खारवलेल्या काकडीच्या चकत्यांत पाव-अर्धा ग्रॅम. मांसाची टिक्की बहुतेक वेळा आधीच मीठ लावून गोठवलेली येते, तिच्यात एक ते दीड ग्रॅम. बेरीज चार ग्रॅमकडे जाते आणि शेगडीवरच्या मुलाने अजून मिठाच्या डब्याला हातही लावलेला नाही. त्याच्या हातात आहे ते फक्त बटाट्याच्या तळलेल्या कापांवर भुरभुरायचं मीठ, अर्धा-एक ग्रॅम. कायद्याने त्या मुलाचा हात धरायचा की बन, सॉस, चीज आणि टिक्की बनवणाऱ्याचा? माझ्या मते सगळ्या नियमांची कसोटी या एका प्रश्नावर लागते.

त्या विधेयकाच्या दोनच महिने आधी, जानेवारी २०१० मध्ये, न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने यापेक्षा कितीतरी शहाणं पाऊल उचललं होतं, पण गाजलं मात्र विधेयक. मायकेल ब्लूमबर्ग तेव्हा महापौर होते. शहराच्या पुढाकाराने अनेक शहरं, राज्यं आणि आरोग्य संस्था एकत्र आल्या आणि त्यांनी पाकिटबंद पदार्थांचे ६२ व रेस्टॉरंटच्या पदार्थांचे २५ गट पाडून प्रत्येकासाठी सोडियमची उद्दिष्टं ठरवली. पाच वर्षांत एकूण २५ टक्के घट हे लक्ष्य होतं. सक्ती नव्हती. ज्या कंपन्यांना पटलं त्यांनी सही केली. नंतर मोजमाप झालं तेव्हा पाकिटबंद पदार्थांतलं सोडियम २००९ ते २०१४ या काळात ६.८ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. लक्ष्याच्या मानाने हे थोडं आहे. पण एवढ्या मोठ्या बाजारपेठेत, दंडाची भीती नसताना, चव न बिघडवता झालेली ही घट मी क्षुल्लक मानणार नाही.

पुढे शहराने सक्तीचा नियमही केला, पण मीठ घालण्यावर नाही, सांगण्यावर. सप्टेंबर २०१५ मध्ये शहराच्या आरोग्य मंडळाने ठरवलं की देशभरात १५ किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांनी, ज्या पदार्थात २,३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सोडियम आहे त्याच्यापुढे मेनूवर इशाऱ्याचं चिन्ह छापावं: काळा त्रिकोण, त्यात पांढरी मिठाची डबी. २,३०० मिलिग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचाभर मीठ, अमेरिकी सल्ल्यानुसार मोठ्या माणसाची दिवसभराची कमाल मर्यादा, आणि इथे ती एका ताटात. न छापल्यास २०० डॉलर दंड. नियम १ डिसेंबर २०१५ ला लागू झाला. रेस्टॉरंट व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना कोर्टात गेली, मध्ये काही काळ दंडवसुलीला स्थगिती मिळाली, ती उठली आणि २०१७ मध्ये अपिलातही नियम टिकला. त्याच शहराने गोड पेयांच्या मोठ्या ग्लासांवर घातलेली मर्यादा राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केली होती. आरोग्य मंडळाने स्वतःच्या अधिकाराबाहेर जाऊन कायदेमंडळाचं काम केलं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. ग्राहकाला माहिती देणं आणि विक्रीवर मर्यादा घालणं यांत कायद्याच्या नजरेत केवढं अंतर असू शकतं, ते या दोन निकालांवरून दिसतं. फिलाडेल्फियाने तसाच इशारा २०१९ पासून लागू केला.

‘चिन्ह बघून कोण खायचं थांबतं?’ असं मला नेहमी विचारलं जातं. थोडे थांबतात, बरेच थांबत नाहीत. पण त्या चिन्हाचा खरा वाचक ग्राहक नसून पाककृती लिहिणारा माणूस असतो, हे बाहेरून लक्षात येत नाही. मेनूवर काळा त्रिकोण लागणं कुठल्याच मार्केटिंग विभागाला आवडत नाही. पदार्थ २,४५० वर असेल तर वरून फोन येतो, ‘हा रेषेखाली येईल का?’ आणि तो येतो, कारण दीडशे मिलिग्रॅम सोडियम म्हणजे फक्त पाऊण-एक चिमूट मीठ. फिनलंडमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथे १९९३ पासून, ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त मीठ असलेल्या पदार्थावर ‘अतिखारट’ अशा अर्थाची सूचना छापणं सक्तीचं झालं. पावासाठी ती रेषा १.३ टक्के होती. ती सूचना छापण्यापेक्षा उत्पादकांनी मीठ कमी करणं पसंत केलं.

या पद्धतीत दोष आहे तो रेषेचाच. २,२९० मिलिग्रॅमचा पदार्थ बिनचिन्हाचा राहतो आणि तो जणू हलका आहे असा समज होतो. ५,००० मिलिग्रॅमच्या ताटापुढेही तोच एक त्रिकोण. रेषेपासून फार वर असलेल्या पदार्थाला खाली उतरायचं काही कारणच उरत नाही, कारण अर्धं मीठ काढलं तरी त्रिकोण जात नाही. मला विचाराल तर दोन-तीन पायऱ्यांची चिन्हं हवीत.

टेबलावरची मिठाची डबी काढून टाकण्याचा प्रयोग अर्जेंटिनात झाला. २०११ मध्ये ब्वेनोस आयरेस प्रांतात रेस्टॉरंटांच्या टेबलांवरून डब्या हटल्या, मागितली तर मिळे. २०१३ च्या राष्ट्रीय कायद्याने मग मांसाचे पदार्थ, पिठाचे पदार्थ, सूप यांच्यातल्या सोडियमवर कमाल मर्यादाही घातल्या. बातम्या डब्यांच्या झाल्या, खरं काम या मर्यादांमध्ये होतं. इंग्लंडमधल्या गेट्सहेड नगरपरिषदेने तळलेले मासे-बटाटे विकणाऱ्या दुकानांसाठी सतराऐवजी पाच भोकांच्या डब्या आणल्या. पाच भोकांच्या डबीतून जवळजवळ एक तृतीयांशच मीठ पडतं, असं प्रयोगशाळेत मोजल्यावर दिसलं. ही कल्पना मला फार आवडते, कारण त्या दुकानात मीठ खरोखर शेवटीच, दुकानदाराच्या हाताने पडतं. जिथून मीठ येतं तिथेच तिने बोट ठेवलं.

सगळ्यात जास्त शिकण्यासारखं मात्र ब्रिटनचं काम आहे. तिथल्या अन्न मानक संस्थेने २००३ च्या सुमारास सुरुवात केली, २००६ मध्ये पदार्थांच्या गटांप्रमाणे उद्दिष्टं जाहीर केली, आणि ठरावीक वर्षांनी ती खाली आणत नेली. सक्ती नव्हती, पण कोण पाळतंय यावर उघड नजर होती. पावातलं सरासरी मीठ २००१ मध्ये शंभर ग्रॅमला १.२३ ग्रॅम होतं, ते २०११ मध्ये ०.९८ वर आलं. त्याच काळात लोकांचं रोजचं सरासरी मीठ ९.५ ग्रॅमवरून ८.१ वर उतरलं, तेही लघवीच्या तपासणीतून मोजलेलं, लोकांना नुसतं विचारून नव्हे. दहा वर्षं पाव थोडाथोडा अळणी होत गेला आणि लोक तोच पाव खात राहिले. रेस्टॉरंटांसाठी वेगळी उद्दिष्टं मात्र तिथेही २०१४ पर्यंत आली नव्हती.

हे हळूहळू करणं का लागतं, ते मी एकदा चूक करून शिकले. वरून फतवा आला म्हणून आम्ही एका सूपमधलं मीठ एका रात्रीत ३० टक्क्यांनी कमी केलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट्या परत येऊ लागल्या, आणि संध्याकाळी टेबलावरच्या डब्या भरता भरता वाढपी वैतागले. आठवड्यात जुनं प्रमाण परत आलं, आणि ‘ग्राहकाला कमी मीठ चालत नाही’ हे वाक्य त्या कंपनीत पुढे तीन वर्षं ब्रह्मवाक्य होऊन बसलं. तेच सूप नंतर मी दुसऱ्या वाटेने घेतलं: दर चार महिन्यांनी पाच-सहा टक्के कमी, सोबत टोमॅटो जास्त वेळ आटवायचा, शेवटी थोडी आंबट धार, भाज्या उकडण्याऐवजी आधी भाजून घ्यायच्या. दीड वर्षात वीस टक्क्यांहून जास्त मीठ गेलं आणि एकही वाटी परत आली नाही. जिभेला सवय लागायला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात, हे १९८० च्या दशकापासून प्रयोगांत दिसलेलं आहे. नियमाला हा वेळ धरूनच मुदत द्यावी लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये १६३ गटांसाठी जी ऐच्छिक उद्दिष्टं दिली, त्यांत रेस्टॉरंटचे पदार्थही होते आणि मुदत अडीच वर्षांची होती. दिवसाचं सरासरी सोडियम ३,४०० वरून ३,००० मिलिग्रॅमवर आणायचं होतं. २०२४ मध्ये २,७५० चं पुढचं लक्ष्य मसुद्याच्या रूपात आलं. हा वेग मला वास्तव वाटतो.

आणि यात सगळ्यांनी एकदम उतरायला हवं. एकाच साखळीने मीठ कमी केलं तर तिचा पदार्थ शेजाऱ्यापुढे फिका लागतो. सगळ्यांनी केलं तर जिभा एकत्र उतरतात. आम्हा पाककृती लिहिणाऱ्यांना सरकारची गरज नेमकी इथे असते. आमच्यातल्या अनेकांना मीठ कमी करायचं असतं, पण एकट्याने पहिलं पाऊल टाकायचं धाडस मालक करू देत नाही.

सक्तीचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. २०१३ मध्ये नियम प्रसिद्ध झाले, २०१६ आणि २०१९ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. पावात शंभर ग्रॅमला आधी ४०० आणि मग ३८० मिलिग्रॅम सोडियमची कमाल मर्यादा. माझ्या दृष्टीने त्या यादीतली मोलाची नोंद स्टॉक क्यूब आणि पावडरची, म्हणजे सूप-रश्शाला चव यावी म्हणून घालायच्या तयार वड्या आणि पुडीची आहे: शंभर ग्रॅमला १८,००० वरून १३,००० मिलिग्रॅम. कागदावर हा नियम कारखान्यांसाठी आहे, रेस्टॉरंटचं त्यात नावही नाही. पण स्टॉक क्यूब वापरणाऱ्या लहानशा स्वयंपाकघरातही तो आपोआप पोचतो. निरीक्षक दारात यावा लागत नाही, आचाऱ्याला काही शिकवावं लागत नाही, डबा तोच, चमचा तोच, मीठ कमी.

याउलट थेट स्वयंपाकघराचा मीठपुरवठा आखडला तर काय होतं, हे चीनमधल्या एका मोठ्या प्रयोगात दिसलं. ४८ वृद्धनिवासांची स्वयंपाकघरं घेतली होती. काहींना द्यायच्या मिठाचं प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केलं, काहींना साध्या मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. पुरवठा आखडल्याने रक्तदाबात फरक पडला नाही. मीठ बदललं तिथे वरचा रक्तदाब सरासरी ७ अंकांनी उतरला आणि हृदयविकार-पक्षाघाताच्या घटना ४० टक्क्यांनी कमी झाल्या. पुरवठा आखडणं का फसलं याबद्दल माझा अनुभव एवढंच सांगतो की आचाऱ्याला मीठ कमी दिलं की तो सॉसची बाटली उचलतो. चव पुरी करणं हे त्याचं काम आहे, आणि तो ते करणारच.

मग रेस्टॉरंटांना हे पोटॅशियमचं मीठ सक्तीचं का करू नये? कारण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि रक्तदाबाची काही औषधं घेणाऱ्यांना जास्त पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं, आणि टेबलावर बसलेल्या माणसाचे रिपोर्ट आमच्याकडे नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची जी शिफारस केली, ती घरच्या वापरापुरती आहे, रेस्टॉरंटचं जेवण तिच्या कक्षेत नाही. शिवाय प्रमाण वाढलं की जिभेवर कडवट धातूसारखी चव राहते. मेनूवर स्पष्ट लिहून काही पदार्थांत वापरायला माझी हरकत नाही. गुपचूप वापरायला पूर्ण हरकत आहे.

राहिली एकेकटी, लहान हॉटेलं. त्यांच्यावर मिलिग्रॅमचे नियम लादू नयेत, असं माझं ठाम मत आहे. तिथे रोज माल वेगळा, हात वेगळा. रश्शाची पातेली सकाळी आणि रात्री वेगळी असते, कारण पाणी आटतं आणि मीठ तेवढंच राहतं. त्यात दिवसभर चाखून चाखून आचाऱ्याची जीभ थकते, रात्रीच्या घाईत हात सैल सुटतो. दुपारी तपासलेला नमुना रात्रीबद्दल काही सांगत नाही. अशा ठिकाणी दंड म्हणजे नशिबाचा खेळ होईल. या हॉटेलांना कच्चा माल कमी मिठाचा मिळावा, आणि स्वयंपाकघरात एक वजनकाटा असावा. चमच्याचा भरवसा नाही. बारीक मिठाचा एक चमचा आणि जाड खड्यांच्या मिठाचा एक चमचा यांच्या वजनात सहज दीडपट फरक पडतो.

कुणी हॉटेल चालवत असाल आणि कायद्याची वाट न पाहता सुरुवात करायची असेल, तर महिन्याच्या बिलांवरून किती किलो मीठ आलं ते काढा. त्यात सॉस, स्टॉक पावडर, चीज यांच्या पाकिटांवरच्या सोडियमला अडीचने गुणून आलेलं मीठ मिळवा आणि महिन्यात विकलेल्या ताटांच्या संख्येने भागा. फेकलेल्या पाण्यातलं आणि उरलेल्या अन्नातलं मीठ त्यात धरलं जाईल, पण अंदाजाला तेवढं पुरे. मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा एका ताटाला साडेसात ग्रॅम निघाले होते. त्यातले पाचहून जास्त बाटल्यांतून आणि पाकिटांतून आले होते.